बिनआवाजी रस्ता

मागच्या सीटवर द्वारकाबाई डोळे मिटून बसल्या होत्या, पण कान टवकारलेलेच होते. चैत्रात राजापूरला आपल्या हापूसच्या कलमांपाशी पोचायचं, एवढाच त्यांचा हट्ट. आणि गाडी चालवणारा मुलगा, निशिकांत, परतीच्या तिकिटाचं नावच काढत नव्हता.

स्कॉटलंडमधला हा मोटरवे बांधला तेव्हाचं जुनं काँक्रीट चाकांखाली जात्यासारखं घरघरत होतं. त्या घरघरीत पुढचं बोलणं मागे पोचत नसे, म्हणून नवराबायको आपली गुपितं इथेच बोलून घेत, तीही अगदी मोठ्याने.

जंक्शन मागे पडलं आणि डांबर लागलं. रस्ते बांधणाऱ्या निशिकांतच्याच माणसांनी गेल्या आठवड्यात अंथरलेलं, नवंकोरं, बिनआवाजी डांबर. गाडी सायीवरून घसरावी तशी गप्प झाली. निशिकांतचा आवाज तेवढा चढलेलाच राहिला.

“आईला सांगू, दिवाळीपर्यंत तिकिटंच नाहीत म्हणून. तिच्या हातचं जेवण सोडवतंय कुणाला?”

गौतमीने नवऱ्याला कोपर मारलं, पण उशीर झाला होता.

“रस्ता झकास केलायस हो, निशी,” द्वारकाबाई डोळे न उघडताच म्हणाल्या.

“आई, तू झोपली होतीस ना?”

“झोपलेच होते रे. तू रस्त्याचं तोंड बंद केलंस आणि मला जाग आली. आता आंबा उतरायच्या आत पोचेन असं तिकीट काढ. जायच्या आधी तुला आमटी शिकवून जाईन.”

“आजपासूनच शिकवा, आई,” गौतमी खिडकीकडे तोंड फिरवून म्हणाली. तिचे खांदे हसण्याने हलत होते.