पहिल्या नंबरची बातमी

एका बंगल्यातली तिजोरी कुणीतरी साफ केली आणि पोलिसांनी संशयावरून चावीवाल्या काकांना उचललं. चौथ्या दिवशी खरा चोर सापडला, काका सुटले. पण इंटरनेटवर त्यांचं नाव टाकलं, की पहिली तीच बातमी यायची: 'कुठलंही कुलूप दोन मिनिटांत उघडणारा अटकेत'. लेकीच्या सासरी तोंड दाखवायची सोय उरली नव्हती. वर्षभर वर्तमानपत्राच्या कचेरीत जोडे झिजवले, तेव्हा कुठे ती बातमी एकदाची इंटरनेटवरून काढली गेली.

त्यानंतर महिनाभर दुकानातला फोन वाजलाच नाही. शेवटी काकांनी एका जुन्या गिऱ्हाइकाला गाठलं.



"शेजाऱ्यांना तुमचंच नाव सुचवलं होतं हो," तो म्हणाला, "पण त्यांनी शोधून पाहिलं, तर तुम्हाला कुलूप उघडता येतं याचा कुठे पुरावाच सापडेना."