परक्याचं पोर

वकीलसाहेबांनी दवाखान्याच्या दारातच फाईल उघडली. पोरगा सायकलवरून पडलाय, एवढंच फोनवर कळलं होतं. कुठला पोरगा, हे विचारायला ते थांबलेच नव्हते.

"हे आईवडिलांचं संमतिपत्र," धापा टाकत ते डॉक्टरीणबाईंना सांगू लागले. "उपचाराचे सगळे अधिकार माझ्याकडे. हा विमा, हा पासपोर्ट. रक्तगट बी पॉझिटिव्ह. शेंगदाणा अजिबात चालत नाही. सुई पाहिली की चक्कर येते, तेव्हा आधी आडवं निजवा. आणि आईला एकदम कळवायचं नाही, तिला रक्तदाब आहे, आधी वडिलांना."

निरूपण करावं तसे ते रंगात आले होते. का येऊ नयेत? शेजार सोडून परदेशी गेलेल्या कुटुंबाचा सोळा वर्षांचा मुलगा तिकडच्या सुट्टीत त्यांच्या चिरंजिवांकडे राहायला आला होता. कायद्याच्या भाषेत अज्ञान, म्हणजे अल्पवयीन, त्यातून परक्याचं पोर! तो यायच्या आधीच त्यांनी त्याच्या वडिलांची फोनवर उलटतपासणी घेतली होती. आल्या आल्या पोलिसांत नोंद केली होती. पोहणं, सायकल आणि गच्चीचा कठडा, तिन्हींना मनाई.

"अहो, पोराला पाहुणा म्हणून बोलावलंय, की जामिनावर सोडवून आणलंय?" बायको म्हणाली होती.

"उद्या काही झालं तर जाब मला द्यावा लागेल," साहेबांनी ऐटीत सुनावलं होतं.

"साहेब, जरा थांबा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "तुमचा पाहुणा तो बघा, धडधाकट आहे. पडलाय तो दुसरा."

पाहुणा खरंच भिंतीशी उभा होता. सायकलला मनाई, म्हणून बिचारा चिरंजिवांच्या सायकलीमागून पळत होता.

"आमचाच होय!" वकीलसाहेबांच्या तोंडून निसटलं. "हुश्श! मग काही प्रश्न नाही."

नर्स हातातलं काम सोडून त्यांच्याकडे बघायला लागली, तेव्हा कुठे आपण काय बोललो ते त्यांच्या ध्यानात आलं. त्यांनी फाईल पाठीमागे लपवली. खाटेवर चिरंजीव ग्लानीत पडले होते. ओठ फाटलेला, तोंडात बोळे, शर्ट रक्ताने भिजलेला.

"याला कुठलं औषध बाधतं का?" इंजेक्शन भरता भरता बाईंनी विचारलं.

वकीलसाहेबांनी घसा खाकरला. "नसावं."

"नसावं?" बाईंचा हात थांबला. "आणि रक्तगट?"

"तो... आमच्या हिला विचारतो." त्यांनी फोन लावला. फोन नुसता वाजत राहिला. वकीलसाहेबांना देव आठवला.

"काकू नाही उचलणार, काका. शाळेत परीक्षेच्या वर्गावर आहेत ना त्या," पाहुणा पुढे आला. "डॉक्टर, त्याला पेनिसिलिन देऊ नका. मागच्या वर्षी दिलं होतं, तेव्हा श्वास कोंडला होता त्याचा. रक्तगट ओ पॉझिटिव्ह. आणि तो दाखवतो शूर, पण टाके घालताना कुणीतरी हात धरा."

"श्वास कोंडला होता?" वकीलसाहेबांचा आवाज चिरकला. "मला कसं नाही कळलं?"

"तुमची ती मोठी केस चालू होती तेव्हा." पोरगा बिचारा त्यांची बाजूच सावरत होता. "मला त्याने दवाखान्यातूनच फोन केला होता."

बाईंनी भरलेलं इंजेक्शन बाजूला ठेवलं आणि नर्सला दुसरं औषध आणायला पिटाळलं.

"टाके घालायचेत, संमती लागेल," त्या वकीलसाहेबांकडे वळून म्हणाल्या. "वडील आपणच ना?"

प्रश्न साधा होता. असल्याच साध्या प्रश्नांनी त्यांनी आजवर भल्याभल्या साक्षीदारांना घाम फोडला होता.

"हो," वकीलसाहेब म्हणाले, आणि दुजोऱ्यासाठी त्यांनी पाहुण्याकडे पाहिलं.