चुली किती

"या घरात चुली किती?" देवाप्पानं विचारलं, आणि जयनगरच्या त्या दोन खोल्यांत पंख्यानंसुद्धा श्वास रोखला.

देवाप्पा रेशन कार्डाच्या ऑफिसातून आला होता. अर्ज केला होता अजिंक्यनं, अंबूबाईच्या सख्ख्या लेकानं: आई परक्या बाईकडं राहते, तिचं नाव तिथनं काढून माझ्या मारतहळ्ळीच्या घरात चढवा. तो मागंच उभा होता, गाडी खाली उभी होती. त्याच्या घरात तान्हं मूल, नव्या बायकोची रजा संपत आलेली, आया एकही टिकेना. आईची आठवण दाटून यायला एवढं पुष्कळ झालं.

परकी बाई म्हणजे धनलक्ष्मी. अजिंक्यची पहिली बायको. कामावर निघालेली, ती दाराशीच थांबली होती.

"नातं काय लिहू, अज्जी?"

"सून."

"आई, आमची काडीमोड झालीय. कोर्टात."

"काडी तू मोडलीस बाबा. मी कुठं मोडली?"

देवाप्पानं आलेलं हसू मिशीत दाबलं. "नात्याचं सोडा, अज्जी. रूल असा आहे, एका चुलीचं जेवतात ते एक कुटुंब. चूल एक, तर नाव इथंच. दोन असल्या तर लेकाकडं जाणार. माझ्या हातात काही नाही."

"एकच चूल हाय."

"मग ही कुणाची?" अजिंक्यनं बाल्कनीचं दार उघडलं.

छोटी शेगडी. वर तवा. तव्यात धनलक्ष्मीनं निघायच्या घाईत नुकतंच टाकलेलं आम्लेट.

आता खोटं कुठल्या तोंडानं बोलणार? अंबूबाईचं सोवळं तिकडं गावाकडं अख्ख्या निपाणीला ठाऊक. अंडीवाला गल्लीत शिरला की ही उंबऱ्यावर पाणी शिंपडायची. एकदा शेजारची कोंबडी अंगणात आली, तर अंगण सारवलंच, कोंबडीलाही आंघोळ घालून परत पाठवलं म्हणतात. धनलक्ष्मीची शेगडी बाल्कनीत गेली ती तिच्याच हुकमानं.

"दोन झाल्या," देवाप्पा पुटपुटला आणि त्यानं पेनाचं टोपण काढलं.

धनलक्ष्मीनं मान खाली घातली. "राहू द्या, आत्याबाई. मी येत जाईन भेटायला."

अजिंक्य आईचे कपडे भरायला पिशवी शोधू लागला.

अंबूबाई भिंतीला धरून उठली. बाल्कनीत गेली. तव्यातल्या आम्लेटाचा तुकडा मोडला आणि तोंडात टाकला.

"आई, काय करतेस तू?"

सत्तर वर्षांचे सोमवार आडवे आले. डोळ्यांतून पाणी आलं. तिनं चावलं. गिळलं. दुसरा तुकडा मोडला, पहिल्यापेक्षा मोठा. तोही गिळला.

मग पदरानं ओठ टिपले आणि म्हणाली, "मीठ कमी पडलंय, सूनबाई."