खाल्लेलं शून्य

बुटका कोरी ऑस्ट्रेलियाच्या बास्केटबॉल लीगमध्ये चौदा हंगाम टिकला, तो उंच खेळाडूंच्या डोक्यावरून बॉल टाकायच्या जोरावर. मुलाखतीत हसत सांगायचा, "बास्केट लागते ३.०५ मीटरवर. बाबा सुतार, तरी शून्य खाल्लं आणि अंगणात ३.५ वर ठोकली, म्हणून बॉल उंच टाकायची सवय लागली!" मग सगळं बॅलरॅट गाव बाबांना विचारायचं, "काय नेव्हिल, दार मोजताना शून्य धरलंस ना?"

बाबांच्या दफनानंतर लेकीसाठी बास्केट खाली घ्यायला कोरी शिडीवर चढला. बरोबर ३.०५ वर बुजवलेली भोकं दिसली.

"आई, ही भोकं कसली?"

"तू खेळायला लागायच्या आधी बास्केट तिथेच होती. तुझी उंची वाढणार नाही असं डॉक्टर म्हणाले, त्याच दिवशी बाबांनी वर नेली."

"मग मला सांगितलं का नाही?"

"माप चुकलं, हे सांगणं सोपं होतं रे. तू बुटका राहणार, हे कसं सांगणार?"