शेजारचं विरजण

तेजस्वीने पेशींची बाटली उजेडाकडे धरली. तळाशी पिंजलेल्या कापसासारखा पांढरा पुंजका. बुरशी! दुसऱ्या बाटलीत तीच, तिसरीतही तीच. "गेलं सगळं!" ती ओरडली, ते पलीकडच्या खोलीपर्यंत ऐकू गेलं.

दोन वर्षं ती या पेशींवर राबत होती. हॅमस्टरच्या पेशी त्या. औषधाचं प्रथिन बनवायच्या, पण थोडं बनवलं की त्यांच्यातलाच एक इवलासा रेणू, मायक्रोआरएनए, 'पुरे आता' म्हणून त्यांचा हात धरायचा. तेजस्वीने त्याचंच तोंड बांधलं आणि पेशी दुप्पट प्रथिन देऊ लागल्या. सोमवारी औषध कंपनीची माणसं ते बघायला रत्नागिरीत येणार होती. पटलं तर प्रयोगशाळा चालणार, नाहीतर टाळं. गोठवलेला साठा तर आधीच गेला होता. तो गोठवून ठेवणाऱ्या द्रव नायट्रोजनची कोल्हापूरहून येणारी गाडी पालीला बंद पडली ती पडलीच, आणि इकडे टाकी कोरडी ठणठणीत.

अशा वेळेसाठीच इथे विरजणाची पद्धत होती. आपल्या पेशींची एक बाटली शेजारच्या टेबलवाल्याकडे जगत ठेवायची. आपलं बिघडलं की त्याच्याकडून आणायचं, दह्याला आणतात तसं. पण हिचा शेजारी कोण, तर दर्शन! गेल्या दिवाळीत एका परिषदेत त्याने हिचं काम आपल्या नावावर खपवलं, तेव्हा दोघांची अशी जुंपली की शिपायाने धावत येऊन खिडक्या लावल्या. हिने आपलं विरजण परत मागितलं, तर मेल्याने तोंडावर सांगितलं, "फेकलं." तेव्हापासून बोलणं बंद.

ती हात धुऊन वळली, तर दर्शन तिच्याच टेबलाशी उभा. हातात एक बाटली, तिच्यावर नाव नाही, काही नाही.

तेजस्वीच्या डोक्यात तिडीक गेली. "म्हणजे तूच! एवढी बुरशी सोडलीस ती पुरली नाही, आता स्वतःच्या पेशी मिरवायला आलास?"

"अगो, ऐकून तरी घे..."

"तुझं ऐकायचं? मी?" तिने बाटली हिसकावली, झाकण उडवलं आणि सगळीच्या सगळी पेशी मारायच्या ब्लीचच्या बादलीत उपडी केली. कर म्हणावं आता तूही पहिल्यापासून! वर्षभर साचलेला राग एका झटक्यात निघाला. तिला बरं वाटलं, अगदी मनापासून बरं वाटलं.

बाटलीतून पडलेल्या गुलाबी पाण्याचा रंग बघता बघता उडाला. दर्शन जागचा हलला नाही.

"तेव्हा खोटं बोललो मी. तुला झोंबावं म्हणून," तो म्हणाला. "तुझंच विरजण होतं ते. इतके दिवस जगवलं. ही एकच बाटली उरली होती."

तेजस्वीच्या हातात अजून रिकामी बाटली होती.

"मी नव्हतं फेकलं," दर्शन म्हणाला. "तू फेकलंस."