बिनलेबलाची माफी

"ताई, भुलू नकोस! ही माफी भाऊजींची नाही, यंत्राची आहे," धाकट्या भावाने तपासणीची डबी वर धरली. डबीवरचा दिवा लालभडक.

दारात भाऊजी हात जोडून उभे. बायको रुसून माहेरी येऊन बसलेली, आणि मेहुणा नेमका लेबल खात्यात निरीक्षक. कृत्रिम बुद्धीच्या यंत्राने रचलेल्या प्रत्येक मजकुराला लेबल हवंच, असा कायदा. हा पठ्ठ्या तो घरातही पाळायचा. सख्ख्या काकूने दिलेल्या वाढदिवसाच्या शुभेच्छाही त्याने सोडल्या नव्हत्या.

"अरे, माझीच आहे!" भाऊजी कळवळले. "रोज आरशासमोर घोकलंय. माझं चुकलं, तुझ्याशिवाय घर खायला उठतं... एकेक शब्द माझा आहे."

खरंच होतं ते. जन्मात कधी माफी न मागितलेला माणूस. घोकून घोकून ती इतकी गुळगुळीत झाली की डबीला माणसाची वाटेचना.

"जरा अडखळून म्हणा," मेहुण्याने सुचवलं. भाऊजी अडखळले. लाल. रडले, अगदी नाक ओढत रडले. तरी लालच. मग मात्र त्यांचं डोकं सटकलं.

"चुलीत गेली तुझी डबी, टोणग्या!"

दिवा हिरवागार झाला.

"हे अस्सल," मेहुण्याने मान डोलावली. "पण माफीला लेबल लागणार. तोंडी मजकूर असेल तर कपाळावर चिकटवायचं, असा नियम आहे."

"खबरदार! आयुष्यात पहिल्यांदा मनापासून बोललोय मी."

ताई इतका वेळ आतल्या दारात उभी होती. ती पुढे आली.

"लाव रे लेबल," ती म्हणाली. "यंत्राची असेल तर उत्तमच. रोज सकाळ-संध्याकाळ ऐकायला मिळेल. ही बघ, आत्ता चपला घालते. पण ह्यांच्या मनातून आली असेल, तर इतक्या वर्षांत एकदा आली. पुढची यायला मी जिवंत राहायची नाही. मग मी इथेच बरी."

भाऊजींनी मेहुण्याकडे पाहिलं. बायकोच्या अनवाणी पायांकडे पाहिलं. आणि कपाळ पुढे केलं.

"लावा, निरीक्षकसाहेब. यंत्राचीच आहे."