पहिल्या रांगेतल्या बाई

पडद्याच्या फटीतून विहरानं पहिली रांग पाहिली. मधल्या खुर्चीवर झ्लातेवा बाई बसल्या होत्या. तोच अरुंद चेहरा, तीच ताठ मान, मांडीवरची पर्स दोन्ही हातांनी धरलेली. केस पांढरे झाले होते आणि डोक्याला काळा रुमाल होता, एवढाच फरक.

"झ्लातेवा नावानं एक तिकीट गेलंय खरं," तिनं विचारल्यावर सभागृहाचा व्यवस्थापक म्हणाला. तो नुकताच वार्नाहून बदलून त्रोयानला आला होता. "का, कोणी खास?"

"शाळेतल्या बाई माझ्या."

"मग तर झालंच. आज तो किस्सा त्यांच्यासमोरच होऊन जाऊ द्या."

तो किस्सा साऱ्या बल्गेरियाला पाठ होता. मे महिन्यातला, देशाच्या लिपीच्या गौरवाचा अक्षरांचा सण, पहिल्या रांगेत कम्युनिस्ट पक्षाचे बडे सचिव, मंचावर मुलांचा कविता म्हणायचा कार्यक्रम, आणि सचिवांनी नुसतं खाकरल्याबरोबर भीतीनं जागच्या जागी ओल्या झालेल्या कॉम्रेड झ्लातेवा. त्यांची ती पाय फाकवून केलेली चाल, ओल्या बुटांचं पचक पचक, हे सगळं विहरा अशी काही करून दाखवायची की लोक खुर्च्यांवरून घसरायचे. या किश्शानं तिला राजधानी सोफियाच्या रेडिओवर नेलं, रेडिओनं टीव्हीवर नेलं, आणि पुढं तिनं पुस्तक लिहिलं त्याचं पहिलं प्रकरणही हेच होतं. नाव तेवढं बदल, असं संपादक म्हणाला होता. पण 'कॉम्रेड झ्लातेवा' एवढं उच्चारलं की लोक आधीच हसू लागत. नाव तसंच राहिलं.

तेव्हापासून तिनं आपल्या गावात, त्रोयानला, एकदाही आपला विनोदी एकपात्री खेळ केला नव्हता. आमंत्रणं यायची, ती काहीतरी सबब सांगायची. यंदा सबब सुचली नाही. दुपारी ती आली तेव्हा सभागृहाच्या दारावर तिचं रंगीत पोस्टर लागलं होतं आणि शेजारी, गावोगावी असतात तसे, गेलेल्या माणसांचे काळ्या चौकटीतले कागद. ती मान खाली घालून आत शिरली होती.

खेळ सुरू झाला. तिनं सोफियाच्या टॅक्सीवाल्यांची, आपल्या घटस्फोटाची, सासूनं घरी गाळलेल्या राकियाची टर उडवली. गाव मोकळेपणी हसलं. पहिल्या रांगेतल्या बाई हसल्या नाहीत, चिडल्याही नाहीत. सरकारी कचेरीत आपला नंबर येण्याची वाट पाहावी तशा त्या बसून होत्या.

मग सज्जातून कोणीतरी तरुण आवाज आला, "ओली कॉम्रेड होऊन जाऊ द्या." चार-दोन टाळ्या पडल्या. खाली बसलेल्या वयस्कर लोकांनी वळून वर पाहिलं.

विहराचे गुडघे सवयीनं वाकले. त्या चालीसाठी. तशीच ती थांबली.

"तो किस्सा खोटा आहे," ती म्हणाली.

लोक हसले. तिचा चेहरा पाहून हळूहळू हसू विरत गेलं.

मग तिनं सांगितलं. ती आठ वर्षांची होती, याच मंचावर उभी होती, कविता विसरली होती. सचिव खाकरले आणि तिचे पांढरे मोजे भिजले. भिजली ती विहरा. बाईंनी ते पाहिलं. पियानोवरची फुलदाणी उचलली, कॉलर सारखी करायच्या निमित्तानं तिच्याजवळ आल्या आणि फुलं-पाण्यासकट ती फुलदाणी दोघींच्या अंगावर उपडी केली. सभागृह बाईंना हसलं. मुख्याध्यापकांनी सगळ्यांदेखत त्यांना वेंधळी म्हटलं. बाईंनी तिला शिक्षकांच्या खोलीत नेलं, मोजे शेगडीवर वाळवले, आणि म्हणाल्या, 'पाणी सांडलं, बस. यापलीकडं कुणाला काही सांगायचं नाही.'

"बाईंनी ते पाळलं," विहरा म्हणाली. "मी नाही पाळलं. आणि त्या आज इथं समोर बसल्यात."

ती पायऱ्या उतरून खाली आली, काळ्या रुमालासमोर जाऊन उभी राहिली आणि तिनं मान झुकवली. सभागृहात कोणी टाळी वाजवली नाही. लोक एकमेकांकडं पाहू लागले. दुसऱ्या रांगेतल्या एका बाईनं तोंडावर हात ठेवला. आता ओळखलं मला गावानं, विहराच्या मनात आलं. तिचे कान तापले, पण त्या तापण्यातही तिला इतक्या वर्षांत पहिल्यांदाच बरं वाटलं.

लोक हळूहळू, फारसं न बोलता उठून गेले. बाई मात्र बसून राहिल्या. विहरा त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर बसली.

"माफी मागायलाही मला तोंड नाही," ती म्हणाली. "उद्याच रेडिओवर जाऊन हेच सांगते. पुस्तकातून ते प्रकरण काढून टाकते. तुम्ही म्हणाल ते करते. पण बाई, काहीतरी बोला."

म्हातारीनं पर्सची कडी उघडली, पुन्हा लावली.

"खरंच असं झालं होतं?" तिनं विचारलं.

"तुम्हाला माहीतच आहे ना, बाई."

"मला कुठलं माहीत असायला. मी तुझ्या बाईंची धाकटी बहीण. नेव्हेना मार्चमध्ये गेली." म्हातारीचा आवाज वर चढला नाही. "पोरं रस्त्यात तिच्यामागं पचक पचक करायची, म्हणून शेवटी तिनं घराबाहेर पडणंच सोडलं. तुझा तो किस्सा पहिल्यांदा रेडिओवर लागला, तेव्हा मी तिला विचारलं होतं, ही पोरगी खोटं बोलतेय ना गं? तर मला म्हणाली, 'नाही. माझ्या वर्गातली मुलगी आहे ती. खरं तेच सांगतेय.'"